मुंग्यांचं चित्र

४ जानेवारी १९८८, सोमवार
जयमालाला सहावा महिना. वाशीच्या नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी केली. डॉक्टर प्रधानबाई म्हणाल्या, बाळाच्या दोन्ही किडन्या फुगल्यात, लघवीचा मार्ग अडलेला दिसतो. लगेच मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, बाळंतपणही तिथेच करा. जन्मल्याबरोबर ऑपरेशन झालं तर वाचू शकेल.
मी मशीनचा पडदा पाहिला. नुसत्या मुंग्या. टीव्ही दुरुस्तीत आयुष्य गेलं माझं. असल्या चित्रावर मी बातम्याही बघणार नाही.

५ जानेवारी
दोष सापडला. मशीनला स्टॅबिलायझर नाही. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पार बसतं. किडन्यांच्या जागचे काळे डाग त्याचेच. जयमालाला समजावलं. म्हणाली, अहो, बाळ काय टीव्ही आहे? उद्याच मुंबईला जाऊ या.
ठरवलं : स्टॅबिलायझर मीच बनवून देणार. रविवारपर्यंत.

१० जानेवारी, रविवार
ट्रान्सफॉर्मर मिळाला नाही. पुढच्या रविवारी नक्की.

१९ जानेवारी
मिळाला. मुंबईला, लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात. मोठं हॉस्पिटल वाटेतच होतं, पण हातात एवढं ओझं. चौकशी राहिली.

२६ जानेवारी
सुट्टी. वायरिंग पूर्ण. सासूबाई आल्यात. म्हणाल्या, जावईबापू, तुमचा तो विजेचा डबा होईल तेव्हा होईल, आधी पोरीला दाखवून आणा. त्यांना व्होल्टेज समजत नाही. बाळ पोटात चांगलं हलतंय. म्हणजे सप्लाय व्यवस्थित आहे.

६ फेब्रुवारी
डब्यातला रिले चिकटतो. घाई करून चालणार नाही. जिवाचा प्रश्न आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार
बसवला. व्होल्टेज स्थिर. तिथला वॉर्डबॉय सिताराम, करावे गावचा, म्हणाला, "सायेब, चित्र कसा आरशावानी हाय!" खरंच. एकही मुंगी नाही.
जयमालाची सोनोग्राफी पुन्हा केली. बाळाच्या दोन्ही किडन्या स्वच्छ दिसल्या. फुगलेल्या. बाईंनी बोट ठेवून दाखवल्या, तशी गरज नव्हती. बाळाभोवतीचं पाणीही आता फार कमी झालंय. आजच जा, म्हणाल्या.
उद्या गिऱ्हाइकांचे दोन टीव्ही सेट द्यायचे आहेत. परवा सकाळी नक्की.

१६ फेब्रुवारी
दुपारीच कळा सुरू झाल्या. टॅक्सीनं खाडीपूल ओलांडला. मुलगा.

१८ फेब्रुवारी
गेला. फुप्फुसं नीट वाढलीच नव्हती. जयमालानं डॉक्टरांना विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.
म्हणजे नक्की असं कुणालाच सांगता येत नाही.

१ मार्च
जयमाला बोलत नाही. विश्रांतीची गरज आहे. माझं काम नियमित चालू. घरच्या सेटवर मुंग्या दिसतात. अँटेना बघायला हवी.

२२ मे, रविवार
सिताराम पेढे घेऊन आला. त्याच्या सुनेच्या बाळालाही तसाच दोष दिसला होता. दुसऱ्याच दिवशी तिला मुंबईला नेलं. जन्मल्यावर ऑपरेशन झालं, पोर घरी आलं. म्हणाला, "मॅडम बोलल्या, सायेबांच्या डब्यामुलं येलेवर दिसला."
मी म्हणालो, तरी मी सांगत होतो, चित्रच खराब होतं.
जयमाला आत गेली. पिशवी भरून घेऊन आली आणि सितारामच्या हातात दिली. वर आमची झबली दिसत होती. तिनं शिवलेली. पिवळी.
सिताराम जिना उतरू लागला. मी वरून सांगितलं, डब्याचा फ्यूज गेला तर पाच अँपिअरचाच घाला.