पाच मासे आणि वेंडेलचा डावा हात

शुक्रवार, २० जून. संध्याकाळ.
उद्याची मासेमारीची स्पर्धा जिंकल्यात जमा आहे. फक्त जाऊन यायचंय.

नव्वद बोटी, प्रत्येकीचे पाच मासे वजनाला, पहिल्या दहा अलाबामा राज्याच्या फायनलला. अकरा वर्षं आम्ही अकराव्या-बाराव्या नंबरावर लटकतोय, आणि त्याचं कारण वेंडेल. बायकोचा भाऊ असला तरी खरं ते खरं. गळाला बास मासा लागायची वेळ आली की हा गप्पा मारत असतो.

यंदा मात्र माझ्याकडे जागा आहे. मडस्प्रिंगचा ओढा तलावाला मिळतो तिथं, बुडालेल्या झुडपांत. गेल्या शनिवारी पाच मासे, एकवीस पौंड. धक्क्यापासून छत्तीस मैल, त्यामुळे दुसरं कुणी फिरकत नाही.

नेडीनचं म्हणणं, वेंडेलचा चेहरा आठवडाभर राखेसारखा दिसतोय, त्याला घरी राहू दे. मी म्हणालो, स्पर्धेत बोट दोघांच्या नावावर आहे, एकट्याला सोडत नाहीत. शिवाय तुझ्या माहेरी सगळ्यांचा रंग तसाच आहे. ती हसली नाही.

संकल्प: उद्या चिडायचं नाही. प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत लिहायची. चॅम्पियन लोक लिहितात.

शनिवार, २१ जून. पहाटे ४:५०.
धक्का. धुकं इतकं की स्वतःच्या बोटीचं टोक दिसेना. वेंडेलनं सॉसेज-बिस्किटाला हात लावला नाही. पित्ताच्या चार गोळ्या मात्र खाल्ल्या. त्याचं बिस्किट मी खाल्लं. अन्न वाया घालवू नये.

७:१०
पोचलो. धुक्यातून साठच्या वेगानं. वेंडेल डोळे मिटून बसला होता. याला भित्रेपणा म्हणतात.

धरणवाल्यांनी रात्रीत तलावातलं पाणी सोडलेलं दिसतंय. माझी झुडपं उघडी पडलीत, मुळं चिखलात. पाण्यावर मेलेले छोटे मासे, पोटं वर. एक पक्षी नाही. वेंडेल म्हणाला, आज इथं बरं वाटत नाहीये. मी समजावलं, पाणी उतरलं म्हणजे बास एका जागी गोळा झाले. आपल्याच फायद्याचं आहे.

८:४०
एक. दीड पौंड. सुरुवात आहे.

१०:४०
वेंडेलची तक्रार: डावा हात जड झालाय, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. त्याचं गळ फेकायचं तंत्रच चुकीचं आहे. मनगटानं फेकायचा तर हा सगळा खांदा लावतो. दहा मिनिटं करून दाखवलं. त्यानं रॉड खाली ठेवला. स्पर्धा ऐन रंगात असताना.

११:२५
आणखी दोन, प्रत्येकी दोन पौंडांचे. आता तीन झाले.

वेंडेलचा शर्ट भिजलाय. ऊन अजून नीट पडलेलंच नाही, आभाळ पितळेसारखं आहे आणि वारा बंद. तो बोलतही नाहीये. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गप्प आहे. मला बरं वाटलं. शांततेत मासा लागतो.

१२:१०
सात पौंड. कमी नाहीच. बोटीला लागला, मी ओरडलो, जाळं घाल. वेंडेल उभा राहिला, मग हळूच खाली बसला. हातजाळं पाण्यात पडलं. त्या माशानं माझ्याकडे नीट बघितलं आणि दोरी तोडून गेला.

मी जे बोललो ते लिहीत नाही. चर्चच्या कमिटीवर आहे.

वेंडेल म्हणाला, "रॉइस, मला उतरव."

१२:२०
समोर अर्ध्या मैलावर गांडुळं विकणाऱ्या बाईचं दुकान आहे. तिथं धक्का, रस्ता, फोन, सगळं. त्याला तिथं उतरायचंय. मी नियम सांगितला: वजन व्हायच्या आधी दोघांतल्या एकाचाही पाय किनाऱ्याला लागला की बोट बाद. तो म्हणाला, "माहितीये मला. उतरव."

मी म्हणालो, तीन झालेत, अजून दोन लागू देत, मग सरळ घरी. त्यानं डोळे मिटले. म्हणजे पटलं असावं. दुकानातल्या बाईनं हात केला. मीही केला.

१:३५
पाच! चौथा साडेचार पौंडांचा, शेवटचा जेमतेम मापात बसला. एकूण अकरा पौंड. पाणी सगळ्यांनाच वाईट असणार, अकरा पुरतील. 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं वेंडेलला विचारलं. त्याचे ओठ जांभळट दिसले. द्राक्षाचा सोडा प्यायला असेल. पण डब्यात सोड्याचे कॅन मोजले तर सगळे जागेवर.

१:५०
निघतोय. पश्चिमेकडे आभाळ काळं झालंय. वेंडेल बोटीच्या तळाशी आडवा आहे, डोक्याखाली लाइफ जॅकेट. ठीक आहे. वजन खाली असलं की बोट लाटांत स्थिर राहते.

३:३०
वादळातून वेळेत पोचलो. वीस मिनिटं आधी. पिशवीत मासे भरून मी वजनकाट्याच्या रांगेत उभा राहिलो. मागे आरडाओरडा ऐकू आला. स्पर्धेचा प्रमुख हॉइट माझ्या बोटीत गुडघ्यावर बसला होता. रांग सोडली असती तर मासे मेले असते, आणि मेल्या माशाचं वजन कापतात. माझा नंबर आला तोवर अँब्युलन्स गेली होती.

अकरा पौंड दोन औंस. दहावा नंबर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हॉइटनं वजनाची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाला, "माणूस आजारी पडला तर कुठंही उतरवता येतं, रॉइस. मला एक फोन करायचा. बोट बाद होत नाही."

हे त्यानं सकाळी सांगायला हवं होतं.

५:०५
हॉस्पिटल. नेडीन आधीच आलीय. हार्ट अटॅक आहे. वेंडेलला बोलता येत नाही आणि डॉक्टरांना जाणून घ्यायचंय की दुखणं नक्की कधी सुरू झालं. त्यावर पुढचे उपचार ठरतात म्हणे. मी म्हणालो, दोनच्या सुमाराला, वादळात.

नेडीन म्हणाली, "नीट आठव."

मी पुन्हा दोन म्हणालो. नर्सनं लिहून घेतलं. मला भीती वाटतेय. कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथं कोपऱ्यात उभा राहून लिहितोय. नेडीन माझ्याकडेच येतेय.

६:४०
हे वजनाच्या चिठ्ठीच्या मागे लिहितोय.

ती म्हणाली, "वही दे." मी म्हणालो, त्यात फक्त मासे आहेत. ती म्हणाली, "तू सगळ्याची वेळ लिहितोस, रॉइस. दे."

दिली. तिनं उभ्या उभ्या पान शोधलं, १०:४० ची ओळ नर्सला दाखवली. नर्सनं दोन खोडलं आणि आत पळाली.

मघाशी डॉक्टर येऊन गेले. वेंडेल जगेल. पण हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी झालाय. थोडं लवकर आणलं असतं तर, एवढं म्हणाले आणि थांबले. मी मान हलवली.

नेडीन समोरच्या खुर्चीत बसलीय. तिला हवी ती ओळ केव्हाच सापडली होती. आता ती शुक्रवारपासून वाचतेय.