घरच्या मापातलं पाप

३ फेब्रुवारी, सोमवार

शिंपी खोटं बोलतोय.

दरवर्षी या सुमारास ऑफिसची पँट कमरेत सोडवायला नेतो. दरवर्षी तो बोटभर कापड सोडतो आणि म्हणतो, "साहेब, पुढच्या खेपेला नवीच शिवा." आज टेप लावली. पुन्हा लावली. म्हणाला, "सोडायला काही नको. कंबर आहे तेवढीच आहे."

आहे तेवढीच! पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसभर जीप नाहीतर खुर्ची — आणि कंबर आहे तेवढीच?

टेप मागून घेतली. बॅगेतली खात्याची मीटरपट्टी काढून शेजारी धरली. टेप बरोबर निघाली. शिंप्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. होऊ दे. वजनमाप खात्यात आयुष्य काढलेला माणूस तोंडाकडे बघत नाही, काट्याकडे बघतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

घरचा वजनकाटा पलंगाखालून ओढून काढला. उभा राहिलो. गेल्या वर्षी होतं तेवढंच! आजवर दर वर्षी किलो-दीड किलोची भर पडायचीच — न मागता मिळणारी माझी एकमेव बढती. ती कशी चुकली?

काटाच अडकला असणार. संध्याकाळी ऑफिसातली प्रमाणित वजनं पिशवीत घालून घरी आणली. एकेक ठेवून पाहिलं. केसाइतकाही फरक नाही.

मान वर केली तर ही दारात. "काय चाललंय?"

"काटा तपासतोय."

"आणि बरोबर निघाला तर?"

प्रश्नाचा रोख कळला नाही. पण लक्षात ठेवला आहे.

६ फेब्रुवारी

ऑफिसातल्या कारकुनाला आम्ही बातमीदार म्हणतो. त्याच्याजवळ सहज विषय काढला. चूक झाली. "वजन वाढायचं थांबणं ही पहिली पायरी असते साहेब. माझ्या मामांचंही असंच —" आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मामांचं पुढे काय झालं, ते राहिलंच.

दिवसभर मामा डोक्यात.

७ फेब्रुवारी

गुपचूप आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिला सांगितलं, बाजारात तपासणी आहे.

"तक्रार काय?"

"वजन वाढत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वाढत नाही म्हणून रडत आलेले तुम्ही पहिलेच." तरी सगळं तपासलं. छाती, पोट, जीभ. रक्तही काढून घेतलं. मग विचारलं, "खाण्यात, चालण्याफिरण्यात काही बदल?"

"काडीचाही नाही."

"असं होत नसतं. या वयात अंग सुटतं ते मेजवान्यांनी नाही, रोजच्या एकेका जादा घासानं. थांबतंही तसंच. चहात साखर जरा कमी, एखादा घास कमी, जेवल्यावर थोडं चालणं. उपास नको, व्यायामशाळा नको. पण रोज हवं. तुमचं थांबलंय ना? मग कुणीतरी थांबवलंय." आणि हसले. "घरी विचारून बघा."

डॉक्टर का हसले?

८ फेब्रुवारी

रक्तात काही नाही. मामांची भीती गेली. आता उरला तो संशय — आजार नाही, म्हणजे यात कुणाचा तरी हात आहे!

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरचा किराणावाला पकडला. माल ठेवायच्या पारड्याखाली मेणाचा बारीक गोळा चिकटवलेला. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला तेवढा माल कमी. पंचनामा चालू असताना हात जोडून म्हणतो, "साहेब, एकाचं असं किती जातं? चिमूटभर! घरी जाऊन कुणालाही कळत नाही."

खटला भरला. पण येताना ते वाक्य जीपमध्ये शेजारी येऊन बसलं. चिमूटभर. रोज. कळतही नाही.

डॉक्टर तरी दुसरं काय म्हणाले होते?

१२ फेब्रुवारी

ही छापखान्यात मुद्रितं तपासते. (दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार आम्हा दोघांनाही मिळतो.) ती यायच्या आत घरी पोचलो आणि स्वयंपाकघराची रीतसर तपासणी केली.

साखरेच्या डब्यातला चमचा बदललाय! जुना खोलगट होता, हा त्याच्या निम्मा. मी आपला चहात मोजून दोन टाकतो आणि खूश. भाताचा डाव उथळ. ताटल्या नव्या, रुंद निळ्या काठाच्या. सुंदर दिसतात म्हणून मीच कौतुक केलं होतं! काठ सोडला तर भाताला जागा उरते केवढी? तेलाच्या बाटलीला बारीक भोकाचं बूच. बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. हाताशी काय, तर केळी आणि भाजलेले दाणे. तेही वाटीभरच.

मी गावभर मापात पाप शोधत हिंडतो, आणि काटा मारणारं माणूस रोज माझ्यासमोर बसून विचारतंय, "आणखी वाढू?" वाढतेही! पण काय? भाजी. भाताचं नाव नाही!

तोंडावर काही दाखवलं नाही. पुरावा पुरता हातात येऊ दे.

१३ फेब्रुवारी

बाहेरच्या भानगडीकडे तर माझं लक्षच नव्हतं.

मागे कधीतरी ही म्हणाली, "एक स्टॉप आधी उतरत जा. छापखान्यावरून मला घ्या, पिशव्या जड होतात हो." तेव्हापासून, कालचा तपासणीचा दिवस सोडला तर, रोज दोघं चालत घरी. आज मुद्दाम पिशवी माझ्याकडे घेतली. आत काय? छत्री आणि रिकामा डबा! एवढं तर चिमणीही उचलेल.

शिवाय रात्रीचं जेवण झालं रे झालं की घरातलं काहीतरी संपतं. दोरा संपतो, साबण संपतो. "चला ना, एकटीला कंटाळा येतो." आणि खालचं दुकान उघडं असताना तळ्याला वळसा घालून पलीकडच्या दुकानात. त्या दुकानात आहे काय एवढं? की आहे कोण? दुकानदार निरखून पाहिला. सत्तरीचा, बहिरा. तो नसावा.

१४ फेब्रुवारी

आज काडेपेटी संपली. कपाटात सहा आहेत!

१५ फेब्रुवारी

पिशवी पुन्हा हलकी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोक्षमोक्ष. ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेवढ्यात सगळं टेबलावर मांडलं. चमचा, डाव, ताटली, बूच, सहाच्या सहा काडेपेट्या.

खाली आली. बघितलं. "हे काय?"

"मुद्देमाल."

हसेल असं वाटलं होतं, किंवा चिडेल. तिनं मात्र ओल्या हातानं चमचा उचलला, पुसला, साखरेच्या डब्यात परत ठेवला.

"उपाशी राहिलात का कधी?"

"नाही."

"काही दुखलं-खुपलं?"

"नाही, पण —"

"मग तक्रार काय आहे?"

"माप बदललं आणि सांगितलं नाहीस. आमच्याकडे यालाच फसवणूक म्हणतात! आणि हे सगळं माझ्यावर का? मी काय एवढा सुटलोय?"

यावर खुर्ची ओढून बसली. माझ्याकडे बघितलं, छापलेल्या पानावरची चूक बघावी तसं.

"माझ्या ताटलीत काय असतं, ते कधी बघितलंत?"

आठवायला लागलो. आठवेना. खरंच आठवेना. रोज समोर बसते.

"बुधवारी रजा काढा," ती म्हणाली. "माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला."

म्हणजे डॉक्टरही सामील! उगाच नव्हते हसले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी फाइल उघडली. माझी नव्हे — हिची. वर्षापूर्वी हिची साखर काठावर आली होती. तेव्हा त्यांनी बजावलं होतं, बारीक व्हायची घाई नको, पण यापुढे वजन वाढू द्यायचं नाही. हिच्या आईचे डोळे साखरेनंच गेले. आणि हिचं सगळं काम डोळ्यांवर.

चमचा, ताटली, तळ्याचा वळसा — सगळं हिनं स्वतःसाठी केलं होतं. मी नुसता शेजारी जेवत होतो, शेजारी चालत होतो.

"मला का नाही बोललीस?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही आधी लॅबचं यंत्र तपासायला गेला असतात."

गेलो असतो.

आजचा रिपोर्ट चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, "एकट्यानं निभत नाही हे. घरच्यांची साथ होती ना?"

"होती तर," ही म्हणाली. "यांनी फार साथ दिली."

धडधडीत खोटं माप. माझ्या डोळ्यांदेखत. खटला भरला नाही.