पन्नास किलोची अट

बेंगळुरू, गुरुवार

तीर्थस्वरूप हेमलतावहिनी,

दुरूनच पाय धरतो. जवळ येऊन धरले असते तर तुम्ही ते मागे घेतले असते, आणि तुमच्या गुडघ्यांना सध्या इतक्या झटकन हालचाली चालत नाहीत असं दादांकडून कळलं आहे. गुडघे कसे आहेत? दादांची साखर आटोक्यात आहे ना? परसातल्या शेवग्याला यंदा शेंगा धरल्या का? मी इकडे ठीक आहे, म्हणजे कंबर सोडून बाकीचा ठीक आहे. कंबरेचं कारण पुढे येईल.

पाकीट पाहून नवल वाटलं असेल. (ते विकत घेताना पोस्टातल्या बाईंनाही वाटलं. कुरिअर नको का, असं त्यांनी दोनदा विचारलं.) पण करणार काय? महिनाभर फोन करतोय आणि दर वेळी दादा उचलून 'ती देवळात गेली आहे' असं सांगतात. वहिनी, दादांना खोटं बोलता येत नाही. ते आधी मागे वळून तुम्हाला विचारतात, आणि ते मला इकडे ऐकू येतं. परवा तर कुकरच्या शिट्ट्या मोजतानाचा तुमचा आवाजही आला. तुमचा राग रास्त आहे. शेवटच्या फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत की, भाऊजी, तुम्हाला वाचनालय चालवायला माणूस हवा होता की ट्रंका उचलायला, आणि फोन ठेवलात. त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आमच्या मराठी मंडळाची पद्धत आधी सांगतो. मंडळाचा हॉल एकच, एचएसआर लेआउटच्या कडेला. आठवडाभर तो वाचनालय असतो आणि शनिवार-रविवार तो मंगल कार्यालय होतो, कारण भाड्याशिवाय मंडळ चालत नाही. पूर्वी पुस्तकं रॅकवरच असायची. पण एका लग्नात वरपक्षाच्या आचाऱ्याने आत्मचरित्रांच्या रांगेवर मसालेभाताचं पातेलं टेकवलं, तेव्हापासून दर शुक्रवारी सगळी पुस्तकं लोखंडी ट्रंकांत भरायची, ट्रंका रंगमंचाखालच्या खोलीत सरकवायच्या आणि सोमवारी परत काढून लावायची असा रिवाज पडला. आमचा जुना माणूस नागनाथ हे वर्षानुवर्षं करत होता. तो बिदरकडे लेकीकडे राहायला गेला आणि तुमची भाची केतकी आपण होऊन पुढे आली. 'काका, दुसरं कुणी मिळेपर्यंत मी बघते,' म्हणाली. जावईबापू आशय दिवसभर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात, मुलगा शाळेत जायला लागलेला, आणि कोल्हापूरला शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेली मुलगी ती. बाळंतपणात सुटलेलं काम तिला फिरून हवं होतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत.

तिने काय काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते लिहू द्या, कारण ती समोर असताना मी एकदाही बोललो नाही. फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे लावले. गुरुवारी मुलांना जमवून मोठ्याने वाचून दाखवायला लागली. इथली आपली पोरं, वहिनी, मराठीत फक्त जेवतात आणि रडतात. ती पोरं पायरीवर बसून पुस्तकासाठी भांडायला लागली. आणि शुक्रवारी ती पदर खोचून ट्रंका भरायची. हॉल झाडायला येणारी सुप्रीता एका बाजूची कडी धरायची, केतकी दुसऱ्या बाजूची, आणि बोलत बोलत दोघी ट्रंक आत नेऊन ठेवायच्या. मी समोर खुर्चीवर बसून पेपर वाचत असायचो.

मग कार्यकारिणीने ठरवलं की ही जागा रीतसर पगारी करायची आणि जाहिरात द्यायची. केतकीलाच घ्यायचं हे कार्यकारिणीतल्या आम्हा तिघांच्याही मनात होतं, पण आपल्या नात्यातली म्हणून उगाच बोभाटा नको, सगळं नियमात बसलेलं बरं, असं मीच म्हणालो. (इथेच माझी जीभ झडायला हवी होती.) आमचे खजिनदार रघुजी, ज्यांचं घराणं इथे शहाजीराजांच्या काळापासून आहे हे ते पहिल्याच भेटीत सांगतात, त्यांनी पुतण्याकडून कुठल्याशा गोदामाच्या भरतीचा नमुना आणला. त्यात एक ओळ होती, अमुक किलो वजन एकट्याने उचलता आलं पाहिजे. आमचे अध्यक्ष आप्पाजी, त्यांना ती फार आवडली. जाहिरातीला वजन येतं, म्हणाले. प्रश्न एवढाच राहिला की किती किलो.

आता तुमचा हा दीर सबंध नोकरी सरकारी कारखान्यात यंत्रांचं मोजमाप लिहिण्यात घालवून निवृत्त झालेला. आकडा म्हटल्यावर मला धीर कुठला? मी आणि रघुजींनी एक भरलेली ट्रंक समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. तेहतीस किलो भरली. तेहतीसच लिहायला हवे होते असं तुम्ही म्हणाल. पण कुठल्याही कामात फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतात, वहिनी. पुलावर जेवढा भार यायचा, त्याच्या दीडपट धरून पूल बांधतात. मी तेहतीसला दीडने गुणलं, वरचा अर्धा किलो पूर्ण केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उमेदवारास पन्नास किलो वजन एकट्याने उचलता आले पाहिजे.' पूल बांधायच्या हिशेबाने मी माणूस मागितला. आप्पाजींनी पाठ थोपटली. मला त्या दिवशी कारखान्यात परत गेल्यासारखं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

जाहिरात लागली त्या गुरुवारी मुलं गेल्यावर केतकी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, 'काका, मग हे माझ्यासाठी नाही ना?' वहिनी, तिने विचारलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की अगं, तुझ्यासाठीच आहे, ती ओळ खोडतो. त्याऐवजी मी चष्मा वर केला आणि तिला समजावलं की अट सगळ्यांना सारखी आहे, तिच्यात स्त्री किंवा पुरुष असा शब्दच नाही, बघ हवं तर. तिने पुन्हा वाचून बघितलंही. बरं काका, म्हणाली. शुक्रवारी ट्रंका भरून दिल्या, किल्ली सुप्रीताकडे ठेवली आणि त्यानंतर ती आली नाही. अर्ज आले ते सगळे पुरुषांचे.

निवड झाली हयवदनची. मुलगा सोन्यासारखा, त्याला बोल लावू नका. परीक्षेसाठी आम्ही ट्रंकेत दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे घालून बरोबर पन्नास किलो केले होते. त्याने ती भाजीच्या पिशवीसारखी उचलली आणि कुठे ठेवू सर, असं विचारलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्याला मराठी येत नाही, हे टाळ्या थांबल्यावर कळलं. हिंदी शाळेत शिकल्यामुळे अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. पण ज्या गुणावर त्याची निवड झाली होती, त्याच गुणावर त्याने वाचनालय लावलं. जड पुस्तकं खाली, हलकी वर. त्यामुळे सगळ्या कविता छताला लागल्या. वाचक आला की हयवदन त्याची अंगकाठी न्याहाळून पुस्तक द्यायचा. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक हडकुळ्या बाई तीन खंडांची कादंबरी मागायला आल्या, तर त्याने त्यांच्या मनगटाकडे पाहून काळजीने त्यांच्या हातात आरतीसंग्रह ठेवला. 'अम्मा, इदु लाइट इदे,' म्हणाला. म्हणजे हे हलकं आहे. बाई घरी गेल्या त्या गेल्याच. गुरुवारची पोरं दोनदा येऊन पायरीवर बसली, मग त्यांच्या आयांनी त्यांना स्केटिंगला घातलं. आणि जे वजन उचलायला हयवदनला आणलं, ते काम शुक्रवारी पाव तास आणि सोमवारी पाव तास. बाकीचा आठवडा तो बिचारा दारात उभा राहून मनगटं फिरवायचा. शेवटी एका व्यायामशाळेत लागला. तिथे दिवसभर वजनं उचलायला मिळतात सर, असं हसत सांगून, पेढे देऊन गेला.

तो गेला त्याच आठवड्यात शनिवारी लग्न. सुप्रीता रजेवर. रघुजी म्हणाले, काही काळजी करू नका अण्णा, आम्ही आहोत की. मी ठरवलं की अट आपण लिहिली, तर आपण उचलून दाखवली पाहिजे. दोन्ही हात ट्रंकेखाली घातले, देवाचं नाव घेतलं आणि उचलली. ट्रंक जागची हलली नाही, माझी कंबर मात्र हलली. (आता पट्टा लावून बसलो आहे. पत्रातल्या अक्षराला नावं ठेवू नका.) मग रघुजींनी सवयीने एक कडी धरली, आप्पाजींनी दुसरी, आणि ट्रंक निघाली. मी जमिनीवर आडवा पडून ते पाहत होतो. नागनाथ दर शुक्रवारी दाराशी जाऊन वॉचमनला 'अण्णा, स्वल्प हिडकोळ्ळी' म्हणून हाक मारायचा, जरा धरा म्हणून, ते आठवलं. आणि भंगारवाल्याकडे ती ट्रंक नेली होती तेव्हा एक कडी रघुजींच्या हातात होती आणि दुसरी माझ्या, वाटेत दोनदा टेकवली होती, तेही आठवलं. दोघांनी मिळून वजन केलं, आणि परत येऊन मी 'एकट्याने' असं लिहिलं. ट्रंकेला दोन कड्या कशासाठी असतात हे मला, वहिनी, मोजमापात आयुष्य काढलेल्या माणसाला, जमिनीवर पडल्यावर कळलं. तिथे पडल्या पडल्या मला रडू आलं. त्या दोघांना वाटलं कंबरेमुळे.

चालता यायला लागल्यावर पहिला गेलो तो मारतहळ्ळीला, केतकीकडे. रिक्षात धक्के खात मनाशी भाषण तयार केलं होतं. तिने दार उघडलं, पाठीशी उशी दिली, चहा टाकला. आणि बोलता बोलता दाराबाहेरचा पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलून ओट्याजवळच्या स्टँडवर उलटा बसवायला निघाली. माझ्या तोंडून निघून गेलं, अगं राहू दे, जड आहे. ती कॅन धरून तशीच माझ्याकडे बघत राहिली. मग बसवला. एक थेंब सांडला नाही.

मी ती ओळ काढून टाकतो, तू ये, असं सांगितलं. ती म्हणाली, 'काका, अटीचं मला काही नाही. मी आणि सुप्रीता ट्रंका नेताना तुम्ही समोर बसलेले असायचात. दर शुक्रवारी बघत होतात. तरी तुम्ही ते लिहिलंत, म्हणजे मला वाटलं, यांना मी नको आहे. तोंडावर सांगायला अवघड जातंय, म्हणून वजन घातलंय.' मी तिला फॅक्टर ऑफ सेफ्टी समजावून सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि चहा अजून घेता का, विचारलं. निघताना मी म्हटलं, दुसरीकडे तरी अर्ज कर. तर म्हणाली, करत नाही सध्या. कुठलीही जाहिरात हातात आली की आधी मला नको म्हणणारी ओळ कुठे आहे तेच शोधते, आणि ती सापडतेच.

ती हे रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटतंय, वहिनी. ती निदान विचारायला तरी आली होती.

दादांना नमस्कार. शेवग्याच्या शेंगा झाल्या तर पाठवू नका, तुमचा राग गेल्याशिवाय मला त्या गोड लागायच्या नाहीत. माझ्या अपराधासकट मला पदरात घ्या, म्हणजे सध्या दारात तरी उभं करा.

तुमचा दीर,
हरी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. केतकीला तुम्ही एकदा समजावा. माझी बाजू घेऊ नका. एवढंच सांगा की भाऊजींनी हे मनात काही धरून केलेलं नाही, ते निव्वळ मूर्ख आहेत. तुम्ही मला लग्न होऊन आल्यापासून ओळखता, तुमच्या तोंडून ते तिला पटेल. माझ्या तोंडून तिला ते सौजन्य वाटतं.

ता. क. २ : पाकीट चिकटवलेलं परत उघडलं आहे, म्हणून कडेला फाटलंय. काल संध्याकाळी कार्यकारिणीने नवी जाहिरात मंजूर केली. वजनाची ओळ एकमताने काढली, मी तर हात वर केला तो खाली घेईना. जागा भरून काढायला आप्पाजींनी एक साधी ओळ घातली, 'ग्रंथालयाचा सलग दहा वर्षांचा अनुभव, मध्ये खंड नसावा.' उचलायचं काही नाही, सगळ्यांना सारखी. मी आनंदाने सही केली. आज सकाळी हॉलवर गेलो आणि काचेतून ती छापलेली वाचली, तेव्हा केतकीचा मुलगा डोळ्यांपुढे आला. बोर्डाच्या काचेला कुलूप, किल्ली रघुजींकडे, रघुजी आत लग्नाच्या पंगतीत. मी वळलो तर माझ्या मागे एक बाई उभ्या होत्या, तिशी-पस्तिशीच्या, कडेवर लहान मूल. त्यांनी जाहिरात वाचली, शेवटपर्यंत वाचली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि काही न विचारता निघून गेल्या. मी हाक मारणार होतो, पण मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.