चांगदेवची डबी

१ जानेवारी १९८९, रविवार
रंगाच्या सप्लायरने डायरी दिली. स्टोअर्समधे बाकीच्यांना कॅलेंडर, मला डायरी. लोकांना माणसाची किंमत कळते.

बावन्नावं लागलं. आजपासून गुणाजी नाखवा नवा माणूस. विडी बंद. पहाटे खाडीपर्यंत चालणं. रोज ताक. कारण ९ तारखेला कंपनीत मेडिकल, आणि पंचेचाळिशीच्या वरच्यांची ह्या वेळी शौचाची पण तपासणी. आमच्या कंपनीतल्या भोईरमामांना रिटायर झाल्यावर आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही फार उशिरा. दिवाळीत गेले बिचारे. तेव्हापासून कंपनीच्या डॉक्टर शुभदा मॅडम हात धुवून मागे लागल्यात. डोळ्याला न दिसणारं रक्त त्या टेस्टमधे कळतं म्हणे. कळलं की पुढे दुर्बीण. दुर्बीण कुठून घालतात ते मी विचारलं. विचारायला नको होतं.

३ जानेवारी
कॅन्टीनमधे मॅडमचं लेक्चर. पोटात कोट्यवधी जंतू राहतात, काही चांगले, काही वाईट. भाजी, डाळ, ताक यांनी चांगले वाढतात. विडी, दारू, नुसतं बसून राहणं, ह्याने वाईटांचं फावतं. सांगताना सारख्या माझ्याकडे का बघत होत्या?

पहिल्या रांगेत चांगदेव सोनावणे, मान डोलवत. लॅबमधे आहे, डोंबिवलीहून येतो. विपश्यनेचं शिबिर करून आल्यापासून मांसमच्छी सोडली. अकरा वाजता बाटलीतून ताक, चार वाजता केळं, जेवणानंतर गेटपर्यंत शंभर पावलं. बावीस वर्षांची दोस्ती, म्हणून सहन करतो.

चालणं उद्यापासून, आज धुकं होतं. विडी: दोन. त्यातली एक अर्धीच.

५ जानेवारी
ताक तीन ग्लास. दुपारी पोटातून असा आवाज आला की हमाल आत येऊन विचारून गेला काय पडलं.

विचार केला. माझे जंतू पिढीजात कोळी. आजा-पणज्यापासून सुक्या बोंबलावर पोसलेले. त्यांना एकदम ताकावर ठेवायचं म्हणजे अन्याय आहे. चांगदेवला सांगितलं. तो म्हणाला, गुण्या, जंतूंना जात नसते.

६ जानेवारी, शुक्रवार
आजपासून तीन दिवस मासे, मटण, चिकन, बीट बंद. नाहीतर टेस्ट चुकते. सकाळी भेंडी. रात्री भेंडी. जमतंय की! मनाचा निग्रह पाहिजे, बस.

७ जानेवारी, अमावस्या
मेहुणा शिवराम खाडीवरून थेट घरी आलेला. अकरा चिंबोऱ्या. अमावस्येचे खेकडे, म्हणजे गच्च भरलेले. मॅडमचा कागद पुन्हा नीट वाचला. चिंबोरीचं नाव कुठेच नाही. मंजुळा म्हणाली, चिंबोरी म्हावऱ्यातच येते, शेंबड्या पोराला पण कळतं. मी म्हटलं, बायको आहेस, डॉक्टर नाहीस. शिवरामला वाईट वाटू नये म्हणून चार खाल्ल्या.

८ जानेवारी
रस्सा उरलेला. अन्न टाकू नये.

९ जानेवारी, सोमवार, सकाळी ११
झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे मन साफ.

तपासणीच्या डब्या वाटायचं, परत घ्यायचं आणि नावाच्या चिकटपट्ट्या लावायचं काम स्टोअर्सकडे, म्हणजे माझ्याकडेच. एकोणीस डब्या समोर. चिंबोऱ्या आठवल्या. दुर्बीण आठवली. चांगदेवच्या डबीकडे बघितलं. अख्ख्या कंपनीत ह्याच्याइतकं शुद्ध कुणाचं असणार? त्याची पट्टी माझ्या डबीला लावली, माझी त्याच्या.

ही फसवणूक नाही. पंधरा तारखेपासून मी चांगदेवसारखाच राहणार आहे. फक्त ॲडव्हान्स घेतला. त्याला काही होणार नाही. फार तर पुन्हा टेस्ट देईल. त्याला आवड आहे अशा गोष्टींची.

१४ जानेवारी, संक्रांत
चांगदेवने तिळगूळ दिला. अंगात जीव नाही वाटत म्हणाला, पण वजन मस्त उतरलंय, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. सगळं ताकाचं श्रेय. मला जळवायला सांगतो.

१६ जानेवारी
रिपोर्ट आले. गुणाजी नाखवा: पॉझिटिव्ह. चांगदेव सोनावणे: निगेटिव्ह.

हा काय न्याय? चार चिंबोऱ्या मी खाल्ल्या, माझी डबी पास. ताक त्याने प्यायलं, त्याची नापास. आणि नाव कुणाचं खराब? माझं! लोकांवर विश्वासच ठेवायला नको.

१७ जानेवारी
मॅडमने बोलावलं. घाबरून चिंबोऱ्यांचं कबूल केलं. तेवढंच. खूप झापलं, मग म्हणाल्या, पुन्हा तीन दिवस नीट पाळा, नवी डबी द्या. आलीच पॉझिटिव्ह तर दुर्बीण.

२३ जानेवारी
तीन दिवस भेंडी, पडवळ, वरण. एक विडी नाही. इतिहासात पहिल्यांदा ठरवलेलं पार पाडलं. डबी दिली. माझीच.

२७ जानेवारी
निगेटिव्ह! सुटलो. मॅडम म्हणाल्या, पहिली बहुतेक चिंबोऱ्यांमुळे. मी मान हलवली.

चांगदेवचं काय? त्याने बीट खाल्लं असेल. हेल्थवाली माणसं कोशिंबिरी फार खातात.

३० जानेवारी
चांगदेवला सहज विचारलं, तू बीट खातोस का रे? म्हणाला, छे, लहानपणापासून आवडत नाही.

साहेबांनी त्याला सेफ्टी वीकमधे भाषण करायला सांगितलंय. विषय, निरोगी पोट. जिना चढून स्टोअर्सला आला तर दम लागलेला. चेहरा पांढुरका. मला म्हणाला, गुण्या, सुधार, अजून वेळ गेली नाही.

उद्या सांगतो त्याला.

३१ जानेवारी
सांगायला गेलेलो. त्याने विरजण कसं लावायचं ते शिकवलं.

२ फेब्रुवारी
आज नक्की सांगणार होतो. त्याच्या मुलीला, हेमाला, बघायला पाहुणे येणार म्हणून खुशीत होता. अशा वेळी कसं बोलायचं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही.

५ फेब्रुवारी, रविवार
उद्या अमावस्या. शिवराम पुन्हा चिंबोऱ्या घेऊन आला. ताटात वाढल्या, घास उतरेना. भोईरमामांचे शेवटचे दिवस डोळ्यासमोर. मंजुळा बघत राहिली. म्हणाली, तुमी ताटातली चिंबोरी सोडली म्हणजे कायतरी मोठं पाप केलंय. सगळं सांगितलं. तिने ताट उचललं. मग म्हणाली, उद्या तुमी नाय बोललात तर मी डोंबिवलीला भावजींच्या घरी जाऊन कांतावहिनींना सांगते.

मी म्हटलं, मी सांगणारच होतो. सांगणारच होतो खरं.

६ फेब्रुवारी
सांगितलं. लॅबच्या मागे नेऊन, हात जोडून. चांगदेव आधी हसला. मग चिडला. म्हणाला, दुर्बिणीला घाबरून आता स्वतःची डबी माझ्या गळ्यात मारतोस? म्हटलं, अरे, मी तर सुटलोय! म्हणाला, बारा वर्षं मटणाला हात लावला नाही, दारू नाही, तंबाखू नाही, मला कशाला होईल? जा, विडी ओढ.

प्रयत्न केला. आता मी मोकळा.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
मोकळा वगैरे काही वाटत नाहीये. भीती वाटते. बावीस वर्षं एका डब्यात जेवलो.

७ फेब्रुवारी
मॅडमना लेखी दिलं. सही केली. मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग चांगदेवला बोलावलं, माझ्यासमोर नवी डबी दिली, पट्टी स्वतः लावली. मला साहेबांचा मेमो, पंधरा दिवस बिनपगारी. मॅडम म्हणाल्या, चांगल्या सवयींनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, म्हणून तर तपासायचं. हे चांगदेवला सांगितलं की मला, कळलं नाही.

१६ फेब्रुवारी
पॉझिटिव्ह. मग दुर्बीण. गाठ आहे.

१ मार्च
ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, गाठ आतड्यातच होती, पसरलेली दिसत नाही, बरा व्हायला हरकत नाही. देव आहे!

कॅन्टीनमधे सगळ्यांना सांगितलं, चांगदेव वाचला तो कुणामुळे? नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून कुणी लिहून दिलं? घंटा व्हायच्या आधीच एकेक जण उठून गेला. लोक जळतात.

५ मार्च, रविवार
चांगदेवला बघायला हॉस्पिटलात गेलो. रिक्षात मंजुळाला म्हटलं, बघ, मी डब्या बदलल्या म्हणून एवढं सगळं उघडकीला आलं. ती बाहेर बघत म्हणाली, पट्ट्यांना हात लावला नसतात तर भावजींना सोळा जानेवारीलाच कळलं असतं. महिन्याचं मी मनात गणित केलं. पुन्हा केलं. तेच आलं.

चांगदेव झोपलेला. फार बारीक झालाय. कांतावहिनींनी बाहेर बाकावर बसवून थर्मासमधला चहा दिला. डोळ्यात पाणी. म्हणाल्या, हे सांगत होते, गुणाजीला शंका आली आणि तो मॅडमकडे गेला म्हणून वेळेत कळलं, तुमचे उपकार कसे फेडू?

म्हणजे चांगदेवने त्यांना पूर्ण सांगितलंच नव्हतं. मला वाचवलं होतं.

मंजुळा माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. चिंबोऱ्या, पट्ट्या, ॲडव्हान्स, विरजण, सगळं. कांतावहिनी शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग उठल्या, माझ्या हातातला कप घेतला आणि बेसिनमधे ओतला.

अजून अर्धा भरलेला होता.