खांडीवरची माणसं

जोहे,
तुळशीचं लग्न होऊन चौथा दिवस, १९९५

चिरंजीव हरेश यास काळुराममामाचा पोटभर आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, तुझ्या आईचा गुडघा सोडून. तिकडे थंडी फार असेल, अंगात दोन बनियन घालत जा.

तर तुझं लग्न वाचलं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की मोडलं.

तुझी राष्ट्रीय रायफल्समध्ये बदली झाल्याचं तिकडे गडब गावात कळलं आणि प्रतिक्षाच्या बापाने, केरूने, निरोप धाडला की मुलाला मराठा पलटणीतून काढून कसल्याशा नव्या फौजेत टाकलंय, तेव्हा साखरपुडा झालाच नाही असं समजा. मी तुझं पत्र खिशात घातलं, आपल्या मूर्तींच्या कारखान्यातल्या गणपतीला (अजून रंग लागलेला नाही, पण देव तो देव) हात जोडले आणि एस.टी.त बसलो.

केरूच्या अंगणात तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. सीमेवरच्या पलटणींना सीमा सोडून आतल्या अतिरेक्यांमागे धावावं लागू नये म्हणून नव्वद साली ही फौज उभी केली, तिच्यात पायदळ, तोफखाना, सिग्नल अशी सगळीकडची माणसं येतात आणि दोन-तीन वर्षांनी आपापल्या पलटणीत परत जातात, हे सारं. केरू म्हणाला, “म्हंजे उसना मानूस. त्याला कोन इचारतो?”

मग मी खाडीच्या बांधाचा दाखला दिला. उधाणाने बांध फुटून खांड पडली की शेजारच्या गावांतूनही घरटी एक माणूस येतो, खांड बुजवतो, घरी जातो. केरू मान हलवेना. आता माझे हात मातीत वाढलेले, तोंडाने जमलं नाही की ते पुढे होतात. मी अंगणात चिखलाचा हातभर बांध घातला, मधे खांड पाडली, आणि पाण्याला तांब्या पुरेना म्हणून पिंप जरासं कलतं केलं. (पिंप जरासं कलत नाही, हे मला तेव्हा कळलं.) पलीकडे केरूचं भात वाळत होतं.

“आवो, भात गेला माझा,” म्हणून हौसाबाईने, म्हणजे तुझ्या सासूने, हाक मारली. त्यासरशी शेजारचा रघू फावडं घेऊन आला, बायजाबाई गोणपाट घेऊन आली, धाटावच्या कंपनीत शिफ्टला निघालेला एकजण डबा ठेवून धावला. केरू स्वतः चिखलात आडवा बसला. पाणी भातापासून वीतभर अलीकडे थांबलं. मी भिजल्या धोतराने उठलो आणि विचारलं, “केरूभाऊ, यातली तुमच्या घरची माणसं किती?”

त्याने हातापायांचा चिखल निपटला. मग म्हणाला, “हौसा, पावन्यांना च्या ठेव.” चहा होईपर्यंत तोच बस चुकलेल्या शिफ्टवाल्याला राष्ट्रीय रायफल्स समजावून सांगत होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरी.

मुहूर्त फाल्गुनातला धरला आहे. खांड बुजवायला गेलेला माणूस परत येतो, हे मी केरूला पटवलं आहे. घरी येऊन गणपतीलाही तेच सांगितलं.

तुझा,
काळुराममामा

ता.क. मुहूर्त धरण्याआधी तुला विचारायचं राहिलं. रजेचा अर्ज आजच टाक.

आणखी ता.क. निघताना प्रतिक्षा फाटकाशी आली. हे सगळं तिने बापाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, पाण्याशिवाय. म्हणाली, “मामा, खांडीत उतरनाऱ्याच्या कंबरंला दोर बांधतात, नि त्याचं टोक काठावर कुनीतरी धरतं. त्यांना सांगा, आठवड्याला एक पत्र माझ्या नावावर टाका. मंग माझ्या हातात दोर हाय, असं मी धरीन.” तेव्हा पुढची पत्रं गडबलाच टाक. दोर हलला की मला कळवायचं तिने कबूल केलं आहे.