पाणी गढूळ आलं

मॅडम,

तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं होतील. तान्ह्या बाळांच्या किडनीचं काम मी तुमच्या हाताखाली शिकले आणि नागपूर सोडून गोंदियाला आले तीही तुमच्याच भरवशावर. तुमच्या स्वयंपाकघरात खिडकीला पिशवी टांगून तुम्ही मला दाखवायचात: बाळाच्या पोटात नळीने पाणी सोडायचं, थांबायचं, काढून घ्यायचं, किडनीचं काम थोडंफार पोटच करतं. तिथेच एकदा तुम्ही मला झापलं होतंत. वॉर्डात एका बापाला मी "होईल सगळं ठीक" म्हणाले होते. दूध उतू जात होतं, तुम्ही तिकडे बघितलंही नाहीत. "तुला माहीत नाही ते बोलू नकोस," एवढंच म्हणालात. मी रडले, मग आपण चहा घेतला.

मागच्या वर्षी कचारगडच्या बाजूच्या एका गावातून महिन्याभराची मुलगी आली. दोन्ही किडन्या जन्मापासून नावापुरत्या. नवी किडनी बसवायची तर मूल निदान दहा किलोचं व्हावं लागतं, ही जेमतेम अडीचची. तोवर रोज घरीच डायलिसिस. आई तेंदूपत्ता तोडणारी, शाळा न पाहिलेली, पण बारा दिवसांत सगळं शिकली. मी तिच्या घरी गेले तो दिवस अजून समोर आहे. मातीच्या खोलीला ताजा चुना, नवरा बाहेर कोंबड्या हाकतो आहे, ती कोपरापर्यंत हात धुते आहे. पोटातून काढलेल्या पाण्याच्या पिशवीमागे छापील कागद धरून पाणी स्वच्छ आलं का ते बघायचं असतं. तिला वाचता येत नाही, म्हणून ती कॅलेंडर धरते. "लाल आकडा दिसला म्हंजे चांगलं," ती मला समजावते, जणू मीच शिकाऊ. परतताना मी मनातल्या मनात लेख लिहायला घेतला. मातीच्या घरातही हे जमतं, हे मला दाखवायचं होतं. मुलगी साडेपाच किलोची झाली होती.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती मुलीला घेऊन आली. "आकडा दिसून नाही राहिला, बाई." उशीर तिने केलाच नव्हता. पोटात संसर्ग झाला होता. औषधं दिली, नळी काढावी लागली; आता मशीनवरचं डायलिसिस नागपूरलाच होणार होतं, पण तिथे नेण्याच्या अवस्थेत मुलगी राहिली नाही. नवव्या दिवशी सकाळी गेली.

आई रडली नाही. "तुमाले मालूम होतं ना असं होते म्हून? मंग काऊन सिकवलं मले?"

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले.

"मी थे नाही इचारलं."

लेखाची फाइल मी पुन्हा उघडलेली नाही. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, याचा अंदाजही आता येत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतं आहे. काल सौंदडहून एक जोडपं आलं. बाळ अकरा दिवसांचं, दुखणं तेच. बापाने विचारलं, "काईच नाही होत का, डॉक्टरबाई?" मी "नाही" म्हणाले. त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, मला नमस्कार केला आणि स्टेशनकडे गेले. मॅडम, त्याच्या मापाची नळी माझ्या कपाटात होती.