मऊ न आणि तुझी रेघ

प्रिय व्हर्नन,

लहानपणी डुलुथच्या घरात माळ्यावर बसून आपण दोघांनी एक भाषा रचली. तिच्यातला मऊ न, ‘न्य’सारखा, रोमन लिपीत कसा लिहायचा, यावर आपण चाळीस वर्षं भांडतोय. तू अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ देणारा, मी पुढे वाय जोडणारी.

“नदीन, तुझ्या अक्षरांना शेपट्या फुटल्यात,” तू म्हणायचास.

“आणि तुझ्यांवर माश्या बसल्यात!”

दोघांचं एकमत झाल्याशिवाय शब्दकोशात काही जायचं नाही, हा नियमही तुझाच.

पक्षाघातानं तुझी वाचा गेली. बोट तरी ठेवशील, म्हणून काल दवाखान्यात एकावर तुझी रेघ, एकावर माझा वाय, असे दोन कागद तुझ्यापुढे धरले. तू माझ्या वायवर बोट ठेवलंस. लगेच. आणि हसलास, अनोळखी बाईकडे बघून हसतात तसा.

मला जिंकायचं नव्हतं रे.

आज सकाळपासून बसून मऊ नपायी अडून राहिलेल्या चारशे शब्दांवर तुझ्या रेघा दिल्या आणि ते शब्दकोशात घातले. तुला न विचारता. नियम मोडलाय मी, व्हर्नन. आता तरी भांड ना.

तुझ्याशी अजूनही भांडणारी,
धाकटी बहीण नदीन